थेरपिस्ट ‘आपल्यातला’च हवा का? बेने इस्राएल कुटुंबांकडून नेहमी येणारे प्रश्न

शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, तेफिल्ला (प्रार्थना) संपते, किद्दूशचं मनुकांचं सरबत हातात येतं आणि कोणीतरी मला खांबाआड ओढतं. आवाज एकदम खाली. “तुझ्या ओळखीत कोणी डॉक्टर आहे का गं? म्हणजे… तसला?” तसला म्हणजे मनाचा. मी थेरपिस्ट नाही. वडील गेले तेव्हा मी स्वतः सात-आठ महिने थेरपी घेतली आणि ते लपवलं नाही, एवढीच माझी पात्रता. तेव्हापासून आमच्या बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचे, ठाण्यातून, पनवेलमधून, अलिबागमधून आणि थेट इस्रायलमधल्या दिमोनातून फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा लिहून काढले.

घरातलं माणूस जीव द्यायच्या गोष्टी करतंय. आता काय करू?

मग हे पान नंतर वाचा. भारतात असाल तर १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही. इस्रायलमध्ये १२०१, म्हणजे एरान. धोका समोर दिसत असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. शब्बाथला फोन-वाहन वर्ज्य, मग फोन कसा उचलायचा, रिक्षा कशी करायची, हा प्रश्न मला खरंच विचारला गेलाय. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणं, शब्बाथच्या वर आहे. त्यासाठी कोणाची परवानगी काढायला थांबायचं नसतं.

“पोलीस केस होईल” या भीतीनंही लोक थांबतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याच्यावर खटला भरत नाहीत. उलट त्याला उपचार देणं हे सरकारचं काम मानलंय.

थेरपिस्ट ज्यूच हवा का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. मुंबई-ठाण्यात असाल तर नको.

हिशोब करा. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात आपण जेमतेम अडीच हजार होतो. त्यातले निम्मे एकमेकांचे नातेवाईक, उरलेले व्याही. आपल्यातली एखादी मुलगी उत्तम सायकॉलॉजिस्ट असेलही, पण तिची मावशी तुमच्या चुलतभावाला दिलेली असते. मंगळवारी तुम्ही तिच्यासमोर नवऱ्याबद्दल रडणार, आणि रविवारी मलिद्याला, म्हणजे एलियाहू हन्नबीच्या नैवेद्याच्या विधीला, तीच तुमच्या नवऱ्याच्या ताटात पोहे वाढणार. चांगला थेरपिस्ट अशा वेळी स्वतःच सांगतो, “मला तुमचं काम घेता येणार नाही, दुसरं नाव देतो.” तसं सांगणारा भेटला तर त्यानं दिलेलं नाव विश्वासानं घ्या.

यात एक गंमत आहे. मुंबईतल्या थेरपिस्टला आपली मराठी कळते, ‘जीव गुदमरतो’, ‘डोक्यात वळवळ होते’ हे सगळं कळतं, पण शब्बाथ कळत नाही. दिमोना-अश्दोदच्या थेरपिस्टला शब्बाथ, काद्दिश (मृतासाठी म्हणायची प्रार्थना) सगळं पाठ असतं. पण मलिदा म्हणजे काय, सून सासूसमोर का बोलत नाही, हे त्याच्या गावीही नसतं. तिथे शोधायला निघालात तर थेरपिस्ट ज्यू मिळेलच, आपला मिळेल याचा भरवसा नाही. म्हणजे ‘आपल्यातला’ हा शब्द दोन्हीकडे अर्धाच लागू पडतो. उरलेला अर्धा भाग तुम्ही समजावून सांगायचा असतो, आणि त्याला तो ऐकून घेण्याची इच्छा असावी लागते.

माझी थेरपिस्ट दादरची, हिंदू. दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत मी सहज म्हणाले, शिवाच्या, म्हणजे सुतकाच्या, सात दिवसांत आम्ही आरसे झाकून ठेवतो. ती म्हणाली, “का झाकतात? मला माहीत नाही.” मी सांगायला लागले, मोरीच्या दाराजवळच्या आरशावर मीच टॉवेल टाकला होता, बाबा त्या आरशात दाढी करायचे… आणि तिथेच फुटले. बाबा गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस नव्हतं आलं. समोर आपल्यातली कोणी असती तर तिनं मान डोलावली असती, “हो, माहितीये,” आणि मी पुढच्या विषयावर गेले असते.

सायकिअ‍ॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर… नेमकं कोणाकडे जायचं?

सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळ्या लिहून द्यायच्या त्यानं. झोप पूर्ण उडाली, भास होतात, कोणीतरी मागावर आहे असं वाटतं, आठ-दहा दिवस अंथरुणातून उठवत नाही, असं असेल तर आधी इथे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. एम.ए. किंवा एम.एस्सी. नंतर रुग्णालयात काम करत केलेलं दोन वर्षांचं एम.फिल., किंवा साय.डी., असं त्याचं शिक्षण असतं. चाचण्या, निदान, थेरपी हे त्याचं क्षेत्र.

काउन्सेलर आणि थेरपिस्ट या शब्दांशी मात्र जपून. पाटीवर ‘डॉक्टर’ लिहायला पदवी लागते. ‘थेरपिस्ट’ लिहायला आजवर रंगारीच पुरत आला आहे. समुपदेशकांना एका शिस्तीखाली आणणारा कायदा २०२१ मध्ये झाला, पण पाटी वाचून कोण शिकलेला आणि कोण नाही हे अजून कळत नाही. समुपदेशनात दोन वर्षांची एम.ए. केलेली, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली माणसं उत्तम असतात. आणि आमच्याच नात्यातल्या एका मुलीला सहा वीकेंडचा कोर्स केलेल्या एका ‘माइंड कोच’नं चालू गोळ्या सोडायला लावल्या होत्या. तीन आठवड्यांनी ती रुग्णालयात. तेव्हापासून मी पाटी वाचत नाही, नंबर मागते.

कसला नंबर? तपासायचा कुठे?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. बोलताना सगळे आरसीआय म्हणतात. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून पाहता येतं. नोंदणी कायमची नसते, ठरावीक वर्षांनी नवी करावी लागते, म्हणून मुदत संपलीय का तेही बघा. सायकिअ‍ॅट्रिस्टची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे.

इस्रायलमध्ये १९७७ पासून सायकॉलॉजिस्टांचा वेगळा कायदा आहे. आरोग्य मंत्रालयाच्या नोंदवहीत, म्हणजे पिंकासमध्ये, नाव असल्याशिवाय कोणाला स्वतःला ‘पसिखोलोग’ म्हणवता येत नाही. त्यातही ‘मुम्खे’ म्हणजे विशेषज्ञ झालेला आणि ‘मितमाखे’ म्हणजे अजून वरिष्ठांच्या हाताखाली शिकत असलेला. मितमाखे मिळाला म्हणून नाक मुरडू नका. त्याच्या मागे एक अनुभवी डोकं असतं. ‘पसिखोतेरापिस्ट’ या शब्दाला मात्र तिथेही कायद्याचं कुंपण नाही, त्यामुळे त्याची मूळ पदवी कसली ते विचाराच.

नंबर विचारला तर समोरच्याला राग येईल का? शिकलेल्याला येत नाही. ज्याला आला त्याला नमस्कार करून फोन ठेवा.

पहिल्या फोनवर काय विचारायचं? माझी तर जीभच वळत नाही.

कागदावर लिहून ठेवा आणि वाचून दाखवा. मी असंच केलं होतं:

“मॅडम, तुमचं शिक्षण काय आणि नोंदणी कुठे आहे? माझ्यासारख्या त्रासावर तुम्ही किती वर्षं काम करताय? एका भेटीचे किती, आणि भेट रद्द झाली तर? आम्ही ज्यू आहोत, बेने इस्राएल. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी आम्हाला जमत नाही. तुम्हाला आमच्याबद्दल फार माहिती नसेल, चालेल. पण मी सांगितलं तर ऐकून घ्याल ना?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. “हो, सांगा ना” आलं तर ठीक. “ज्यू म्हणजे ख्रिश्चनांसारखंच ना?” आलं तरी एक संधी द्या, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण “इस्रायलबद्दल मला तर वाटतं की…” असं राजकारणाचं कीर्तन पहिल्याच फोनवर सुरू झालं, कुठल्याही बाजूचं असो, तर तासाचे पैसे तुमचे आणि मन मोकळं त्याचं.

समाजात कळलं तर मुलीचं लग्न मोडेल.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. इतक्या लहान समाजात स्थळं बोटांवर मोजण्याइतकी, आणि “तिच्या आईला वेडाचा झटका आला होता” हे वाक्य तीन पिढ्या टिकतं.

पण थेरपिस्टकडून ते बाहेर जायचा धोका तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी. २०१७ च्या कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केलाय. अपवाद आहेत: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयानं मागितलं तर. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं भागच असतं, आणि ते योग्यच आहे. “समाजाचं नाव खराब होईल, आपापसात मिटवू” असं सांगणारे ज्येष्ठ प्रत्येक समाजात असतात. त्यांचं ऐकू नका.

गोष्ट फुटते ती बहुतेक आपल्याकडूनच. म्हणून दोन साध्या युक्त्या. सिनेगॉगच्या वाटेवरचा दवाखाना निवडू नका. ठाण्यात राहत असाल तर मुलुंड किंवा दादर बघा. आणि “कोणी चांगला माहितीये का?” हे समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. एका बाईंनी “मैत्रिणीसाठी हवाय” म्हणून टाकलं होतं. कोणाचाही विश्वास बसला नाही.

आईवडिलांबद्दल वाईट बोलणं म्हणजे लाशोन हारा, निंदेचं पाप, नाही का?

हा प्रश्न धार्मिक घरांतून येतो आणि मनापासून येतो. आईबापाचा मान राखायची आज्ञा तर दहातली एक. पण हलाखामध्ये, म्हणजे आपल्या धर्मनियमांत, ‘तोएलेत’ नावाची गोष्ट आहे: एखाद्याबद्दलचं कटू बोलणं खऱ्या उपयोगासाठी, गरजेपुरतं आणि योग्य माणसासमोर असेल तर ते निंदेत धरत नाहीत. दुखणं बरं व्हावं म्हणून डॉक्टरला सांगणं हे त्याचं सरळ उदाहरण. तरीही मन धजावत नसेल तर हीच अडचण थेरपिस्टला सांगा. मी पहिल्या भेटीत तेच सांगितलं आणि अख्खा तास त्यावरच गेला.

बाईमाणसानं पुरुष डॉक्टरसमोर बंद खोलीत बसायचं?

यिखूद, म्हणजे परक्या स्त्री-पुरुषानं एकांतात न बसण्याचा नियम, पाळत असाल तर दार लोटून ठेवा पण कडी नको, किंवा बाहेर कोणी बसलेलं असताना भेट ठेवा, किंवा बाई थेरपिस्ट निवडा. नुसतं सांगायचा अवकाश, बहुतेक जण लगेच तयार होतात.

आधी हज्जानना विचारलं तर? किंवा एलियाहू हन्नबीला, म्हणजे संदेष्टा एलियाला, नवस?

दोन्ही करा, आणि अपॉइंटमेंटही घ्या. मलिद्याचं ताट मांडून एलियाहू हन्नबीचं नाव घेतलं की माझ्याही छातीवरचा दगड हलका होतो. ते मी कोणाला सोडायला सांगणार नाही. पण आपल्याकडे पूर्वीपासून रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हतेच. हज्जान तेफिल्ला चालवतात, मुकादम आणि चौगुला समाजाचा कारभार बघायचे. यांपैकी कोणी नैराश्यावर उपचार करायला शिकलेलं नाही. चांगले हज्जान हे स्वतःच सांगतात. मला डॉक्टरकडे जा म्हणणारे पहिले गृहस्थ आमचे हज्जानच होते. काद्दिशचे अकरा महिने सरत आले तरी माझं काहीच सरत नाहीये, हे त्यांनी ओळखलं.

योम किप्पूरचा उपास आणि मनाच्या गोळ्या?

लिथियम चालू असेल तर हा प्रश्न जिवावरचा आहे. पंचवीस तास पाणी नाही, त्यात आपल्याकडे ऑक्टोबरची उष्मा. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषबाधा होऊ शकते: हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं. रोश हाशानाच्या, म्हणजे आपल्या नव्या वर्षाच्या, आधीच डॉक्टरना सांगा, “सूर्यास्त ते दुसऱ्या दिवशीचा अंधार, पाण्याचा थेंबही नाही, असा आमचा उपास असतो.” आपले हिंदू-मुस्लिम डॉक्टर ‘उपास’ म्हटल्यावर साबुदाणा तरी समजतात किंवा रोजा, त्यामुळे ‘पाणीसुद्धा नाही’ आणि ‘रात्रभरही नाही’ हे दोन्ही वेगवेगळं सांगा. ते उपास करू नका म्हणाले तर करायचा नाही. आजाऱ्यानं न खाता मरावं असं आपला धर्म कुठेही सांगत नाही. इतर गोळ्याही आपल्या मनानं बंद करू नका.

कॅप्सूलच्या जिलेटिनचं (ते प्राण्यांपासून बनतं) विचारणारेही आहेत. बऱ्याच औषधांना टॅब्लेटचा पर्याय असतो, डॉक्टरना विचारा.

खर्च किती?

मुंबई-ठाण्यात खासगी भेट साधारण हजार ते तीन हजार रुपये. आठवड्याला एक धरली तर मध्यमवर्गीय घराला जड जातं. मग केईएम, नायर, सायन, जे.जे. यांचे मनोविकार विभाग आहेत, केसपेपरचे नाममात्र पैसे. रांग मोठी, बाकं कडक, डॉक्टर तरुण. पण उपचार खरे. ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे सगळ्यांची आयपीएच, १९९० पासून मराठीतून काम करतेय. विमा असेल तर कागद काढून बघा. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं असं २०१७ चा कायदा सांगतो, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आठवड्याच्या भेटींचे नाही.

भायखळ्याच्या मसीना रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. त्याची जुनी वास्तू म्हणजे डेव्हिड ससून यांचा बंगला. ससून बगदादी ज्यू, आपण कोकणातले तेली; त्यांच्या बंगल्यात आपल्याला त्या काळी कोणी चहाला बोलावलं नसतं. आता केसपेपर काढून जाता येतं.

आई दिमोनाला आहे. हिब्रू तोडकी-मोडकी, मन मोकळं होतं ते मराठीतच. काय करायचं?

इथे मात्र मला झटपट उत्तर देता येत नाही.

रस्ता असा: जुलै २०१५ पासून मानसिक आरोग्याची जबाबदारी चारही कुपात होलिमकडे (आरोग्य विमा संस्थांकडे) आहे, म्हणजे क्लालित, मक्काबी, मेउहेदेत, लेउमित. आईच्या कुपाच्या मिर्पाआत (दवाखान्यात) नाव नोंदवलं तर थेरपी विनाशुल्क मिळते, पण प्रतीक्षा महिनोन् महिन्यांची. कुपाशी करार असलेला खासगी थेरपिस्ट निवडला तर लवकर नंबर लागतो, थोडे पैसे भरावे लागतात. युद्धाच्या, सायरनच्या धसक्यानं त्रास असेल तर नाताल ही संस्था त्याच कामासाठी आहे: १-८००-३६३-३६३.

अडतं ते भाषेवर. मुलीला किंवा नातवाला दुभाषा म्हणून बसवू नका. आई सुनेबद्दल बोलणार आणि भाषांतर सुनेचा मुलगा करणार, यातून काय निघणार? कुपाला लेखी विचारा की दुभाष्याची सोय होईल का. मराठी नाही तर निदान हिंदी किंवा इंग्रजी जाणणारा.

आणि एक गोष्ट तिथल्या थेरपिस्टला आधी सांगून ठेवा. आपले म्हातारे “तुम्ही मूळचे कोण?” या प्रश्नाला बिचकतात. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बी मंडळानं बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायचा हुकूम काढला होता. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा तो प्रश्न सुटला. जी बाई तेव्हा विशीत होती तिला घराण्याचा वंशवृक्ष काढायला सांगितला, आणि थेरपीत पहिल्याच दिवशी तो काढतात, तर ती ओठ मिटून घेते. थेरपिस्ट कागदावर लिहितो, ‘सहकार्य करत नाही’.

मग ठाण्यातल्या मराठी थेरपिस्टनं व्हिडिओवर आईशी बोललं तर?

बरेच जण करतात आणि उपयोग होतो. कुपा त्याचे पैसे देणार नाही. औषधं आणि तातडीची वेळ यांसाठी तिथला डॉक्टर हवाच, त्याचं नाव आणि शेजारच्या एखाद्याचा फोन इथल्या थेरपिस्टकडे देऊन ठेवा. उन्हाळ्यात आपण अडीच तास पुढे, हिवाळ्यात साडेतीन. घड्याळं बदलली की पहिली भेट हमखास चुकते.

लंडन-न्यूयॉर्कला असलेल्यांसाठी काही?

तिथे ज्यू समाज मोठा, त्यामुळे ‘आपल्यातला पण नात्यातला नाही’ असा थेरपिस्ट खरोखर मिळतो. ब्रुकलिनला सुरू झालेली रिलीफ ही संस्था धार्मिक कुटुंबांना तपासलेल्या थेरपिस्टची नावं सुचवते, ब्रिटनमध्ये ज्यूंच्या मानसिक आरोग्यासाठी जामी आहे. अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा, तो तपासा. भारतीय ज्यू म्हटल्यावर “अरे वा, कोचीनचे?” असं विचारतील. सवय करून घ्या.

मुलगा म्हणतो त्याला मुलगेच आवडतात. त्याला ‘बदलणारा’ कोणी आहे का?

नाही, आणि जो “मी बदलतो” म्हणेल त्याच्याकडे त्याला नेऊ नका. असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. अपॉइंटमेंट घ्यायचीच असेल तर स्वतःसाठी घ्या. हे मी रागानं म्हणत नाहीये. आईबापांना त्या वेळी खरंच कोणीतरी लागतं.

तीन वेळा गेले, पटत नाही. बदलू का?

आधी त्यालाच सांगा, “मला इथे मोकळं वाटत नाही.” त्यावर तो काय करतो ते बघा. मग बदला. चौथ्या ठिकाणी जाऊन स्थिरावलेले लोक मला माहीत आहेत.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

चालू आणि जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, कारण नावं कोणालाच आठवत नाहीत. जुने कागद असतील तर ते. दोन ओळींत लिहिलेलं, की आत्ताच का आलो. पुढच्या सणांच्या तारखा, कारण तिश्री या सणांच्या महिन्यात तीन-चार आठवडे तुम्ही गायब होणार आणि त्याला वाटणार तुम्ही थेरपी सोडली. सोबत कोणी येणार असेल तर त्याला खालच्या इराण्याकडे बसवा, आत नको.